ताम्हिणी नकाशाबाहेर

पिरंगुटला कारखान्यांच्या शेडांमागं एका संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मुळशीतल्या वाड्यावस्त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं काम ही संस्था करायची. सत्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तिथं एक कॉम्प्युटर आला. पुण्यातल्या एका कंपनीनं वापरून झाल्यावर देऊन टाकलेला. तो चालवायला संस्थेनं चांगुणाला घेतलं.

चांगुणा पौडजवळच्या बौद्धवस्तीतली. बाप लवकर गेला, आई गंगूबाई लोकांच्या भातखाचरांत मजुरीला जायची. पोरगी पुण्यात वसतिगृहात राहून गणितात एम.एस्सी. झाली, विद्यापीठातच प्रोग्रॅम लिहायला शिकली. बँकेतली नोकरी हाताशी असताना ती पिरंगुटला आली, तेव्हा वस्तीत लोकांनी कपाळाला हात लावला. गंगूबाई मात्र एवढंच म्हणाली, "घरची भाकर खाऊन जाती, घरला येती. अजून काय पायजे?"

संस्था चालवायचे हैबतराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मुळशीचेच बागायतदार. सगळे त्यांना दादा म्हणत. घाटात पाऊस कोसळतो, पण चैत्र लागला की झऱ्यापाशी हंड्यांची रांग. हे कोडं त्यांना खात्यात असल्यापासून छळत होतं. गावोगावच्या विहिरी-झऱ्यांची पातळी त्यांनी मोजून घेतली होती. कुठं पाणी किती खोल, ते एका नकाशावर रेघांनी दिसावं, एवढी त्यांची इच्छा. तसा नकाशा काढणारा प्रोग्रॅम एका प्राध्यापक मित्रानं फ्लॉप्यांवर दिला, पण तो लिहिला होता वेगळ्याच, मोठ्या मशीनसाठी.

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर येऊन बघून गेला. माणूस सज्जन होता. "या मशीनची सिस्टिमच वेगळी आहे," तो म्हणाला. "हा प्रोग्रॅम इथं चालेल असं आम्ही म्हणू शकत नाही. अडकलात तर आमच्याकडून मदत मिळायची नाही."

हैबतरावांचा चेहरा पडला. "राहू दे मग. हातानं काढू."

"दादा, प्रोग्रॅमच्या मूळ ओळी आहेत आपल्याकडं," चांगुणा म्हणाली. "त्या इथं नव्यानं कंपाइल करून बघते. नाहीच जमलं तर हात आहेतच."

कंपाइल करायचं म्हणजे माणसानं लिहिलेल्या ओळी मशीनला कळतील अशा करून घ्यायच्या. पहिल्याच दिवशी मशीननं पडदाभर चुका दाखवल्या, आणि त्या वाचून होईस्तोवर वीज गेली. चांगुणानं पदर खोचला आणि बाहेर जाऊन चहा टाकला. चिडायचा तिचा स्वभाव नव्हता. वीज आली की ती वरची एक चूक काढायची आणि पुन्हा कंपाइलला लावायची. कधी एका चुकीसरशी दहा जायच्या, कधी पाच नव्या यायच्या.

सगळ्यात मोठी अडचण पेनची होती. मूळ मशीनला नकाशा काढणारं यांत्रिक पेन होतं; इथं नुसता खडखडणारा प्रिंटर. प्रोग्रॅम सारखा हुकूम सोडायचा, पेन उचल, पेन टेकव, आणि ऐकणारं कुणी नसल्यानं अडून बसायचा. चांगुणानं त्या त्या हुकमांच्या नावाचे, काहीच न करणारे रिकामे तुकडे लिहून प्रोग्रॅमची समजूत घातली. मग एकेका तुकड्यात जीव भरला, रेघेच्या जागी ठिपके उमटवणारा.

गणपती उठले त्या आठवड्यात प्रिंटरमधून नकाशा बाहेर आला. हैबतराव लहान मुलासारखे कागदाबरोबर पुढं पुढं सरकत होते. "झकास! सोमवारच्या जिल्हा परिषदेच्या बैठकीला हाच न्यायचा."

एक प्रत चांगुणानं घरी नेली. गंगूबाईनं हात पुसून ती जमिनीवर पसरली. "ही आपली वस्ती," चांगुणा दाखवू लागली. वस्तीच्या पाण्याचा आकडा गावच्या विहिरीच्या आकड्यात न मिसळता वेगळा मोजायला तिनंच लावलं होतं. "हे पिरंगुट. हे बावधन."

"आन् माजं म्हायेर?"

गंगूबाईचं माहेर ताम्हिणीजवळच्या वाडीचं. चांगुणाचं बोट पश्चिमेकडं सरकत गेलं आणि थांबलं. तिथं कोरा कागद होता. वाडी नव्हती, ताम्हिणीही नव्हती.

"न्हाई व्हय त्यात?" गंगूबाईनं सहज विचारलं आणि ती चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी चांगुणानं हैबतरावांना सांगितलं. ते नाराज झाले. "अगं, चार गावं नसली तर कोण बघतंय? बाकीचा बरोबर आहे ना?"

"तेच मला आता सांगता येत नाही, दादा. ती गावं कुठं गेली ते कळल्याशिवाय बाकीच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

 हैबतरावांनी जिल्हा परिषदेत फोन फिरवला आणि ते म्हणाले, "नकाशा पुढच्या बैठकीला आणतो."

चांगुणानं प्रत्येक गावाची जागा मशीनकडून छापून घेतली. अंतरं बावधनपासून पश्चिमेला मीटरमध्ये मोजलेली होती. मोठ्या मशीनमध्ये आकड्याला जागा ऐसपैस, इथं निम्मीच. बत्तीस हजारांच्या थोडं पुढं गेलं की आकडा उलटून उणे व्हायचा, आणि ते गाव बावधनच्या पूर्वेला जाऊन पडायचं. नकाशाच्या चौकटीबाहेर गेलं म्हणून प्रोग्रॅमनं ते मुकाट्यानं गाळून टाकलं होतं.

तिनं हिशेब करून पाहिला आणि हसत सुटली. "दादा, ताम्हिणी सापडली. पुण्याच्या पलीकडं, लोणी काळभोरला आहे!"

हैबतरावही पोट धरून हसले. "एवढा पाऊस घेऊन गेली असली तर तिकडच्या लोकांचं भलंच झालं!"

आकड्यांना मोठी जागा देऊन तिनं सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला. नव्या नकाशात घाटाकडच्या गावांबरोबर शेजारच्या रेघाही बदलल्या. आधीच्या कागदावर जिथं पाणी खोल दिसत होतं, तिथं ते वरच होतं.

नकाशानं चमत्कार केला नाही. त्यावरून खणलेल्या विहिरींपैकी काहींना पाणी लागलं, काही कोरड्या निघाल्या. त्यांची नोंदही चांगुणा नकाशात करत गेली. पण बैठकीत तो नकाशा दाखवल्यावर ताम्हिणीजवळच्या वाडीत झऱ्याखाली दगडी टाकं बांधायचं मंजूर झालं आणि दोन वर्षांनी ते बांधूनही झालं. चैत्रात गंगूबाई लेकीला घेऊन एसटीनं माहेरी गेली. टाक्यावर बायका नंबरावरून भांडत होत्या. गंगूबाई ओंजळभर पाणी प्यायली, तिनं तोंडावरून हात फिरवला आणि त्या भांडणात मधे पडून म्हणाली, "आगं, हळू. सांडंल की सगळं."