लोटू मास्तरांचा पांढरा

दिवाळीत सुरतच्या दिंडोलीतले निम्मे खानदेशी गावाला जातात. लोटू बडगुजर या वर्षी गेले नाहीत. त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघराची किळस आली होती आणि मिल बंद आहे तोवर ते आपल्या हाताने नवं करायचं त्यांनी ठरवलं होतं.

किळस पिवळेपणाची होती. ओट्याखालची कपाटं मुळात पांढरी. लोटूंना ती म्हाताऱ्याच्या पायाच्या नखांसारखी दिसू लागली होती. भिंतीच्या टाइल्स, फ्रिजचं दार, डब्यांची झाकणं, सगळ्यांवर फोडणीचा चिकट थर बसलाय असं त्यांना वाटे. जेवायला बसले की आधी ते ताटाची कड अंगठ्याने पुसत आणि अंगठा हुंगत. उषाबाईंनी लिंबू लावून पाहिलं, सोडा लावून पाहिला. नवरा काही जेवणात मन घालीना.

"इतला वरीसमा मना हातनं खाईसन कोणी मरेल नही," एकदा त्या म्हणाल्या.

"मरानं कोण बोली ऱ्हायनं? माले दिखस ते सांगस."

आणि लोटूंना दिसतं ते खरं, असं पलसाण्याच्या त्या डाइंग मिलमध्ये सव्वीस वर्षं सगळेच मानत आले होते. ते तिथले शेड मास्तर, रंगाची छटा ठरवणारे. व्यापाऱ्याने पाठवलेला कापडाचा तुकडा बघायचा आणि त्यात कोणता रंग किती पडलाय ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं, एवढंच काम. पण त्या चिठ्ठीवर हजारो मीटर कापड रंगतं. त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं, दोन डोळे आपसांत भांडतात, एकाचंच ऐक. तेव्हापासून रंग पारखताना, आणि पुढे सवयीने घरीही, लोटू डावा डोळा मिटत. मिलमध्ये कॉम्प्युटर आला, तरी शेवटचा हुकूम त्या उजव्या डोळ्याचा.

दिवाळीच्या तोंडावर पांढऱ्या कापडाचे तीन लॉट परत आले. निळी झाक मारते, अशी तक्रार. पांढरा उजळायचा तर त्यात नखभर निळं-जांभळं घालावंच लागतं. ते जास्त झालं होतं. लोटू म्हणाले, चिठ्ठी बरोबर आहे, वजनात चूक आहे. वजनकाट्यावर भूपेंद्र होता. तो म्हणाला, वजन चिठ्ठीप्रमाणेच आहे. शेठने दोघांचं ऐकलं आणि सांगितलं, दिवाळी संपून लाभपाचमीला मिल उघडेल तेव्हा तुमच्यातला एकच आत येईल. कोणता, ते सांगायची गरज शेठला वाटली नाही. सव्वीस वर्षांच्या डोळ्यापुढे तीन वर्षांचा वजनवाला काय टिकणार, हे तिघांनाही माहीत होतं.

धनतेरसला लोटूंनी गॅसची शेगडी गॅलरीत नेऊन ठेवली आणि जमिनीवरची प्लास्टिकची चटई उचलली. खाली दुसरी चटई निघाली. तिच्याखाली तिसरी. दर वेळी जुनी न काढता वर नवी घातलेली. मधे मुरलेल्या पाण्याचं काळं, बुळबुळीत लोणी झालं होतं. त्यात झुरळांच्या अंड्यांच्या कुप्या होत्या, उंदराच्या लेंड्या होत्या, मोड येऊन सडलेले मूग होते. वास असा की कॉलेजात जाणारी मयुरी ओढणी नाकाला लावून जिन्यात जाऊन उभी राहिली. लोटूंना मात्र बरं वाटलं. घाण आहे, हे निदान सिद्ध झालं होतं.

"हाई तुनं राज्य शे," ते बायकोला म्हणाले.

"चटया कोणी आनल्यात? वरतून टाकी दे, लवकर व्हई, असं कोन म्हने?"

तसं लोटूच म्हणाले होते. ते लवकरच व्हायला हवं होतं, कारण तेव्हा ते दोन पाळ्या करत होते.

कपाटांची दारं त्यांनी बिजागऱ्यांसकट उतरवली आणि मिलमध्ये कोरं कापड रंगण्याआधी धुतात तशी उकळत्या सोड्याच्या पाण्याने धुतली. खाचांतून काकवीसारखं जुनं तेल गळलं. त्यात माश्यांचे पाय चिकटलेले होते. दोन दिवसांत त्यांच्या बोटांची सालं निघाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी देवी गॅलरीत गॅसच्या बाजूला बसली. उषाबाईंनी हात जोडताना नवऱ्याकडे पाहिलं नाही. मग लोटूंनी कोटा फरशी खरवडून कोरडी केली आणि मागून चिकटणाऱ्या विनाइलच्या करड्या लाद्या एकेक कापून बसवल्या. काम नेटकं झालं. फक्त फ्रिजमागचा कोपरा तिरका गेला. तिथे फ्रिज ढकलला.

शेवटी रंग. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडून त्यांनी डावा डोळा मिटला. डब्यातला रंगसुद्धा पिवळा.

दुकानदाराने जुना माल दिला असणार, असं म्हणत त्यांनी रंगात मिसळायच्या निळ्या स्टेनरची बाटली आणली. थेंब घातला, ढवळलं, पाहिलं. अजून थेंब. मिलमध्ये करतात तसंच. अकराव्या थेंबाला रंग त्यांना हवा तसा दिसला आणि त्यांनी सगळ्या दारांना दोन हात दिले.

मयुरी बघायला आली. "पप्पा, आ तो बरफनी फॅक्टरी लागे छे."

"पांढरं आहे ते."

"व्हाइट नथी, पप्पा. वादळी छे, आभाळी निळं. मम्मीला विचारा."

उषाबाई दाराशी उभ्या होत्या. "निळंच शे. बुडेल मानूसना ओठ दिखतंस, तसं. मी आठे भाकर थापाव नही."

लोटूंनी पुन्हा डावा डोळा मिटून पाहिलं. त्यांना तर उलट कडांना पिवळा परत डोकावताना दिसत होता. दोन बायका मिळून सव्वीस वर्षांच्या मास्तराला रंग शिकवतात, याची त्यांना शिसारी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या सकाळी तिसरा हात द्यायचा म्हणून ते दारं पुन्हा घासायला बसले. घासताना जुन्या रंगाचं कुसळ उडून उजव्या डोळ्यात गेलं.

गल्लीतल्या डॉक्टरने कुसळ काढलं, मलम घातलं, आणि बॅटरीने डोळा पाहताना थोडा जास्तच वेळ थांबला. "मास्तर, मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. यात सगळं पिवळट दिसतं."

"सगळं नाही दिसत," लोटू म्हणाले. "घाणेरडं आहे तेवढंच दिसतं."

डॉक्टरने डोळ्यावर पट्टी चिकटवली आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. डॉक्टरला रंगातलं काय कळतं, असं मनात म्हणत लोटू घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकले.

कपाटं निळी होती. थोडीथोडकी नाही. दुधात शाई सांडल्यासारखी, आजारी निळी. वरच्या टाइल्स मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या. फ्रिज पांढरा होता. डब्यांची झाकणं पांढरी होती. वर्षभर ज्या बाईला ते घाणेरडी म्हणत होते, तिने घासलेली प्रत्येक वस्तू लखलखीत होती.

त्यांनी पट्टी उचलली. डावा मिटला. पिवळं. उजवा मिटला. पांढरं. असं पाच-सहा वेळा केलं. मग आपली मिलची डायरी काढली. परत आलेल्या लॉटची कात्रणं तिच्यात टाचून ठेवली होती. ती खिडकीपाशी नेऊन त्यांनी डाव्या डोळ्याने पाहिली. स्वयंपाकघरातलाच निळा. त्यांच्याच हाताने चिठ्ठीवर लिहिलेला.

"काय जायं?" उषाबाईंनी विचारलं.

लोटूंनी सांगितलं. डोळ्याचं सांगितलं, लॉटचं सांगितलं, भूपेंद्रचं सांगितलं. उषाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माले वरीसभर घानेरडी म्हनत," त्या म्हणाल्या. "त्येनं काय?"

लोटूंनी पट्टी पुन्हा डोळ्यावर चिकटवली.

"मिलमा सांगशात?"

"सांगं नही तर कोनले कळाव नही. ऑपरेशन करीसन गुपचूप कामवर जाता यीन."

"मी इचारेल ते सांगा."

"सांगसू."

"आते रंग मी देसू. तुम्ही डबा धरा."

लाभपाचमीला शेठ पेढीवर हिशेबाच्या चोपडीची पूजा करून बसले होते. लोटूंनी कात्रणं टेबलावर ठेवली आणि चूक चिठ्ठीत होती, वजनात नव्हती, एवढंच सांगितलं. शेठला आनंद झाला नाही. "मास्तर, मुहूर्तना दिवसे आ शुं लाव्या?" त्यांनी विचारलं. सव्वीस वर्षांकडे बघून, डोळा नीट होईपर्यंत लोटूंनी घडी खात्यात बसून कापड मोजायचं ठरलं. शेडची जागा पांडेसऱ्याहून येणाऱ्या दुसऱ्याला मिळाली. तो गेला तर बघू, असं शेठ म्हणाले.

बाहेर भूपेंद्र वजनकाटा पुसत होता. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मास्तर, तीनही लॉटचं वजन मी दोनदा केलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला बोलावलं होतं बघायला. तुम्ही म्हणालात, तुझ्या हाताला घाणच लागलीय."

लोटूंना आठवत होतं. भूपेंद्रने फडकं झटकलं आणि नव्या मास्तराची पहिली चिठ्ठी घ्यायला तो आत निघून गेला.