तळघरातली वायर

बॉयलरपाशी गेले की काका आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत, मग चष्मा पुसत आणि मग आपल्याकडे वळून विचारत, "खरं सांगा, तुम्ही आधी काय काय केलंत?"

हा प्रश्न ते प्रत्येक घरात विचारत, कारण जर्मनीतल्या इंगोलश्टाटमधली आम्ही मराठी मंडळी झाडून सगळी इंजिनियर. हीटिंग बंद पडलं की फोन करण्याआधी आम्ही झाकण उघडणार, दोन वायरी हलवून बघणार, लाल दिव्याखालचं बटण दहा वेळा दाबणार. आणि मग काकांना सांगणार, "छे हो, हातसुद्धा लावला नाही." काका खाली वाकून फरशीवरचा स्क्रू उचलत. "आल्झो, मग हा काय स्वतःच्या पायांनी उतरून आला?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा नंबर लोकांना काहीतरी बिघडल्यावरच आठवतो. काका मूळचे चिंचवडचे. गाड्यांच्या वायरिंगमध्ये उभा जन्म घालवून निवृत्त झालेले. आमच्याच घराच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत ते राहत. मधल्या मजल्यावर आम्ही. घरमालक एक आणि तळघरातला तेलावर चालणारा बॉयलरही एकच, जवळजवळ माझ्या वयाचा.

एका हिवाळ्यात तो पहिल्यांदा रुसला, तेव्हा माझी मुलगी जाकीट घालून सोफ्यावर बसली होती आणि दर पाच मिनिटांनी "बाबा, मिर इस्ट काल्ट", थंडी वाजतेय, म्हणत होती. काका खाली आले. पाऊण तास नुसते बघत होते. मला तर वाटलं, यांना काही कळत नाहीये. मग त्यांनी सुरक्षा थर्मोस्टॅटची दोन टोकं एका वायरच्या तुकड्याने जोडली. धप्प आवाज करून बर्नर पेटला.

"झालं की!" मी म्हटलं.

"काही झालेलं नाही. हा थर्मोस्टॅट म्हणजे शेवटचा राखणदार. पाणी फार तापलं की हा सगळं बंद करतो. मी त्याला पाच मिनिटं बाहेर उभा केलाय, दोष कुठे आहे ते कळावं म्हणून." एक हात बॉयलरवर ठेवूनच ते बोलत होते. "वायर लावली की इथून हलायचं नाही. बायको हाक मारो नाहीतर घर पडो."

पाच मिनिटांनी त्यांनी वायर काढली आणि खिशात ठेवली. उष्णतेने कडक होऊन तडकलेली एक जुनी केबल बदलली. मी शेजारी उभा राहून सगळं नीट बघितलं. एकदा बघितलं की आपल्याला येतं, हा आम्हा इंजिनियर लोकांचा जुना आजार.

काकू तेव्हा दहा मिनिटांवरच्या फ्लेगेहाइममध्ये होत्या. आजारी म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात तिथे. काकूंना आता कुणाचं नाव आठवत नसे. काका रोज सकाळी अकराला वरणभाताचा डबा घेऊन निघत आणि संध्याकाळी परत येत. "नर्सने चमचा पुढे केला की ही तोंड मिटून घेते," ते सांगत. "माझं नाव विचाराल तर येत नाही. पण माझ्या हातचं खाते." एवढं सांगताना मात्र त्यांचा चेहरा खुलायचा. तिथे गेले की ते फोन बंद ठेवत.

पुढच्या नोव्हेंबरात बॉयलर पुन्हा बंद पडला, तो दुपारी बारा वाजता. आई सांगलीहून आलेली, तिला थंडी सोसेना. काकांचा फोन बंद. म्हटलं, ते येईपर्यंत तरी चालेल. तळघरात गेलो, वायरचा एक तुकडा घेतला, दातांनी सोलला आणि त्या दोन टोकांना गुंडाळला. बर्नर पेटला. काय खूश झालो मी! वर येऊन मीटिंगला बसलो आणि साफ विसरलो.

राखणदाराने या वेळी उगाच बंद केलं नव्हतं. पाणी किती तापवायचं ते ठरवणारा रोजचा थर्मोस्टॅट अडकला होता आणि पाणी तापतच चाललं होतं. आई कपडे वाळत घालायला खाली गेली, कारण तिथे उबदार असतं. तीनच्या सुमाराला सुरक्षा झडप उडाली. उकळतं पाणी आणि वाफ. तिची किंकाळी मला मीटिंगमध्ये, कानात हेडफोन असताना ऐकू आली.

दोन्ही पाय गुडघ्यांपर्यंत भाजले होते. आई वाचली, पण आज काठीशिवाय चालत नाही.

तीन दिवसांनी विम्याचा तपासनीस आला. घरमालक, मी आणि काका, सगळे तळघरात. त्या माणसाने चिमट्यात ती वायर धरली आणि विचारलं, हे कुणी केलं? घरमालकाने आपोआप काकांकडे बघितलं. काकांनी वायरीकडे बघितलं, दातांनी कुरतडलेल्या टोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा तो नेहमीचा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. आई इस्पितळात, माझ्या कायमच्या व्हिसाची फाइल सरकारी ऑफिसात अडकलेली. मी फरशीकडे बघत राहिलो.

"इश," काका म्हणाले. जर्मनमध्ये इश म्हणजे 'मी'.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "काका..."

"आधी आईंकडे जा. मग बोलू."

मी बोललो नाही. आज आईचं ड्रेसिंग, उद्या ऑफिस, परवा बघू. दोन आठवड्यांनी काकांना घर सोडण्याची नोटीस आली. आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, या वयात काकांनी हात घालायला नको होता. त्याखाली सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मीही टाकलं.

एकटा म्हातारा, परदेशी नाव आणि घरमालकाने काढलेला. गावात त्यांना कुणी खोली देईना. शेवटी आउग्सबुर्गच्या पलीकडच्या एका खेड्यात मिळाली, काकूंकडे दोन आगगाड्या बदलून यावं लागे. सामान न्यायला गाडी मीच काढली. वा रे मी! वाटेत काका एकच वाक्य बोलले, "आठवड्यातून दोनदा तरी येता येईल बहुतेक."

काकूंना आठवड्यातून दोन दिवसच जेवण जाऊ लागलं. बाकीचे दिवस तोंड मिटलेलं. नळीने अन्न द्यायचं नाही, असं त्यांनी आठवण शाबूत असताना लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी नर्सने काकांना लगेच बोलावलं. आगगाडी वाटेत दीड तास उभी राहिली. काका पोहोचले तेव्हा पलंगावर नवी चादर होती.

अंत्यविधीच्या दिवशी सकाळी मी आधी घरमालकाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वरच्या खोल्यांत आता दुसरे लोक राहतात, एवढंच तो म्हणाला.

स्मशानाबाहेरच्या बसथांब्यावर काका एकटेच उभे होते. मी म्हटलं, "काका, वायर मी लावली होती."

"अहो इंजिनियर, ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तुम्ही ते स्वतःवर का घेतलंत?"

"तुमच्या आई तिकडे तळमळत होत्या. त्या माणसासमोर तुमची शोभा नको, म्हणून म्हटलं. मला वाटलं, दोन दिवसांत तुम्ही स्वतःच सांगाल." ते शांतपणे बोलत होते. "महिनाभर संध्याकाळी दार नुसतं लोटून ठेवत होतो. तुमची पावलं जिन्यात वाजायची, आणि तुमच्याच दारात थांबायची."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. माफ केलं, असंही म्हणाले नाहीत.

"तुम्ही सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर ती जेवली असती."

बस आली. काका चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले.