शेपटी कापलेले मासे

ठाण्याच्या कॉलेजात मी झेब्राफिशवर काम करायचे. माशाची शेपटी थोडी कापली की एरवी बंद असलेली जनुकं चालू होतात आणि शेपटी पुन्हा वाढते. रविवारीसुद्धा डोंबिवलीहून येऊन ते मासे मीच सांभाळले. विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी बघते तर पोस्टरवर माझ्याऐवजी सरांच्या भाच्याचं नाव! त्या कार्ट्याने टाकीचं पाणीही कधी बदललं नव्हतं. सर म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. मासेसुद्धा बरे होतात ना!"

परीक्षकांनी भाच्याला विचारलं, "ही जनुकं चालू कशामुळे होतात?" त्याने सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. मी शांतपणे समोसा खात राहिले. परीक्षक तोंड वाकडं करून पुढे गेले, तेव्हा सरांजवळ जाऊन मी हळूच सांगितलं, "जखमेमुळे, सर."