खूण नसलेली शिवराई

नागापूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या नाण्यांच्या नकला करतो मी. शाळांच्या बक्षिसांसाठी, प्रदर्शनांसाठी. प्रत्येकीच्या मागे 'नक्कल' अशी खूण ठोकतो. वकिलाने सुरुवातीलाच बजावलं होतं, नक्कल म्हणून विकाल तर धंदा, अस्सल म्हणून विकाल तर फसवणूक. एकदा एक व्यापारी बिनखुणेचा माल मागायला आला, तर त्याला मी चहासुद्धा न विचारता बाहेर काढला. असा मी तत्त्वाचा माणूस!

गेल्या वर्षी एका शाळेला शिवराईच्या नकला हव्या होत्या. अस्सल शिवराई बेलापूरला माझ्या मावशीच्या देव्हाऱ्यात होती. तांब्याचं ते नाणं तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या देवांबरोबर रोज न्हातं. मी आठ दिवस मागे लागलो, तेव्हा म्हणाली, "ने बाबा. पर तवर तिची जागा मोकळी ठिवून पूजा करनार हाय मी, ध्येनात ठेव."

भिंगाखाली ती पाहिली आणि मी कामच विसरलो. कुणा कारागिराने हातोड्याच्या घावात उठवलेली अक्षरं, त्यातलं एक घाईत अर्धं काठाबाहेर गेलेलं. माझ्याकडे भट्टी, वीज, रबराचे साचे. त्याच्याकडे नुसता हात. त्या हातापुढे मान झुकली आणि त्याच वेळी बरोबरी करायची खुमखुमीही आली. शाळेच्या नकला झाल्यावर एक जास्तीची ओतली. घासून घासून वजन जुळवलं, चिंचेने तोच रंग आणला. खूण मारली नाही. विकायची थोडीच होती?

दोन्ही बायकोच्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, "ओळख बघू." तिने त्या मुठीत खुळखुळवल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "आधी तुम्ही ओळखा."

मी हसत भिंग उचललं. मग हसू गेलं. झीज तीच, अर्धं अक्षर तेच, काट्यावर वजनही तेच. मावशीच्या घरचा देव मी माझ्या मस्तीत हरवला होता, तोही डोळ्यांसमोर असताना.

कुठलीही एक दे, म्हातारीला काय कळतंय, असं मनात आलं. पण हे तर त्या व्यापाऱ्याचंच बोलणं झालं. दोन्ही रुमालात बांधून बेलापूर गाठलं आणि मावशीला सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. मोतीबिंदूने तिची नजर अधू झाली आहे. तिने ताम्हन पुढे ओढलं, पूजेत रोज सोडते तशी एक शिवराई त्यात सोडली. मग दुसरी. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

"पयली माझी," ती म्हणाली. "दुसरीचा आवाज बसका हाय."

मी तिच्या पाठीमागे जाऊन अदलाबदल केली, पाच वेळा, कुठली कुठल्या हातात ते ध्यानात ठेवून. सांगितलं काहीच नाही, फक्त दोन्ही वाजवल्या. पाचही वेळा तिने एकीलाच आपली म्हटलं. मी डोळ्यांना फसवलं होतं, काट्याला फसवलं होतं. जन्मभर रोज सकाळी एक नाणं ऐकत आलेला कान या जगात आहे, हे माझ्या गावीही नव्हतं. मी तिच्या पायाच पडलो.

"मावशी, तू असल्यावर खुणेची गरजच काय?"

"मी हाय तवर. सूनबाईला ह्यो आवाज ठावं न्हाई. मी गेल्यावर दोनी सापडल्या तर ती कुनाला न्हाऊ घालंल? ठोक खूण. माझ्या म्होरं ठोक."

ठसा आणि हातोडी माझ्या पिशवीत नेहमी असतातच. मी नक्कल पाट्यावर ठेवली, ठसा टेकवला, हातोडी उचलली आणि थांबलो. मघाशी पाया पडताना दोन्ही खाली ठेवल्या होत्या; परत उचलताना उजव्या हातात कुठली आली, याची मला खात्री नव्हती.

"मावशी," मी म्हणालो, "अजून एकदा वाजवून बघ."