झूटरमेरच्या आयीकडे

ठरवलेली खोली ऐनवेळी हातची गेली, म्हणून मी त्या घरी पोचले. पुण्यातल्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी नेदरलँड्समधल्या लायडनच्या लॅबमध्ये काम करायला मी निघाले होते. विमानाला चार दिवस राहिले असताना घरमालकाचा मेल आला की खोली देता येणार नाही. मी घाबरून लॅबला कळवलं. त्या लॅबमधून नोकरीसाठी नुकतीच दुसऱ्या शहरात गेलेली एक चिनी मुलगी होती. तिने मला पाहिलेलंही नव्हतं. तिचा मेल आला, "झूटरमेरला माझे आईवडील असतात. माझी खोली रिकामी आहे. बसने लायडन लांब नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यावाचून काही अडत नाही."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिचे वडील मला स्टेशनवर घ्यायला आले. साठीचे, बुटके, डोक्यावर लोकरीची टोपी. माझ्या दोन्ही बॅगा त्यांनीच ओढल्या. मी एक हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा ते बॅगेसकट भरभर पुढे चालायला लागले. घरी दारातच मुलीची आई उभी होती. तिने माझे हात आपल्या हातात घेऊन पाहिले, गार आहेत असं काहीतरी म्हणाली आणि मला थेट हीटरजवळ नेऊन बसवलं.

दोघांनी तीस वर्षं त्याच गावात रेस्टॉरंट चालवलं होतं आणि आता ते विकून टाकलं होतं. गिऱ्हाइकांशी बोलताना शिकलेली डच त्यांना येत होती. मला इंग्रजी येत होतं आणि डचचे दहाबारा शब्द. बाकीचं फोनवरच्या भाषांतरावर चालायचं. मुलीने मेलमध्ये लिहिलं होतं की आईला 'आयी' म्हण, चिनीत मावशीला तसं म्हणतात. मी आमच्या घरी आईला मम्मी म्हणते, त्यामुळे ती हाक माझ्याकडे मोकळीच होती. वडिलांना मात्र मी काका म्हणायला लागले आणि त्यांनीही तो शब्द चालवून घेतला.

पहिल्या दिवशी जेवायच्या आधी आयीने फोन पुढे केला. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न होता, "तू हिंदू आहेस का? गाय चालत नाही का?"

मी लिहिलं, "नाही. मी बौद्ध आहे."

तिने ते वाचलं, काकांना वाचून दाखवलं आणि मला हाताला धरून बैठकीच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर लाकडी फळी होती. फळीवर पांढऱ्या चिनी मातीची एक देवी, शेजारी आयीच्या सासऱ्यांचा फोटो, पुढे तीन संत्री. आयीने हात जोडले. मीही जोडले. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि गॅसवर ठेवलेलं भांडं उचलून तिने फ्रीजमध्ये ठेवलं. त्या भांड्यात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही.

त्या दिवसापासून टोफू सुरू झाला. आल्यातला टोफू, मशरूम घातलेला टोफू, वाफवलेला, तळलेला, पालेभाजीबरोबर. आयीच्या हाताला चव होती, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. हे भाविक, शाकाहारी लोक आहेत असं मी धरून चालले. आमच्याकडे रविवारी मटण असतं आणि ते नसेल तर रविवार झाल्यासारखा वाटत नाही. ते मी यांना कशाला सांगू? मम्मीने फोनवर विचारलं, "चिकन वगैरे मिळतं का गं?" मी म्हणाले, "घरात नाही चालत." ती म्हणाली, "मग त्यांच्यासारखं राहा. पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

शनिवारी लायडनला कालव्याच्या काठाने बाजार भरतो. मार्चच्या शेवटी एका शनिवारी मी लॅबमधून निघाले आणि तळलेल्या माशांच्या वासाने मासेवाल्याच्या गाडीपाशी थांबले. कागदी द्रोणात गरम तुकडे घेतले, वरून लसणीचा सॉस. दुसरा तुकडा तोंडात असताना रांगेत मला ओळखीची लोकरीची टोपी दिसली. काकांनीही मला पाहिलं. त्यांच्या हातात तसाच द्रोण होता. दर शनिवारी काका "फिरायला" जात असत, ते इथे.

आम्ही दोघं काठावरच्या बाकावर जाऊन बसलो.

"तू मासे खातेस?" त्यांनी डचमध्ये विचारलं.

"खाते. तुम्ही?"

"मी सगळं खातो," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आयीला सांगू नकोस."

"माझं की तुमचं?"

त्यांनी विचार केला. "दोघांचं."

पण कपड्यांना वास येत होता. दार उघडल्या उघडल्या आयीने ओळखलं. तिने आधी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "हिनेपण खाल्ले," आणि बूट काढायला खाली वाकले ते वाकूनच राहिले.

आयीने मला समोर बसवलं. "तू बौद्ध आहेस ना?"

"हो."

"मग?"

"आम्ही खातो. मटण, चिकन, मासे. सगळं."

तिने बोटांवर आठवडे मोजले. सात झाले. मग ती काकांशी चिनीत बराच वेळ बोलली आणि शेवटी माझ्याकडे वळून सोप्या डचमध्ये म्हणाली, "तुला तोंड आहे ना? मग सांगायचं."

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही कळलं नाही. पुढे काही दिवसांनी मुलीचा फोन आला, तेव्हा तिच्याकडून मला सगळं समजलं. ती देवी मानणारी माणसं महिन्यातले ठरावीक दिवसच मांस टाळतात. पण बुद्धाच्या देशातून आलेली मुलगी आपल्या घरात मांस शिजताना पाहणार, याची आयीला लाज वाटली होती. काकांनी पहिल्याच आठवड्यात कुरकुर केली होती आणि तिने त्यांना गप्प बसवलं होतं. म्हणजे तिघांपैकी कुणालाच रोज टोफू नको होता. त्या शनिवारी संध्याकाळी तिने फ्रीझरमधून बदक बाहेर काढलं. जेवताना माझ्या ताटात पाय वाढला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

एप्रिलमध्ये आमच्याकडे जयंती असते. वरच्या खोलीत माझ्या टेबलावर निळ्या कोटातला तो छोटा फोटो पहिल्यापासून होता. त्या सकाळी मी त्याच्यापुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि लॅबला गेले. संध्याकाळी परत आले तर टेबलावर फोटो नव्हता. खाली फळीवर होता, सासऱ्यांच्या शेजारी. पुढे संत्रं ठेवलेलं.

मला ते आवडलं नाही. माझे पप्पा आयुष्यभर सांगत आले की या माणसाला देव करू नका, त्यांनीच नको म्हटलं होतं. हे मी आयीला कसं सांगणार? मी फोनवर लिहिलं, भाषांतर काहीतरी विचित्र झालं, तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने फोन बाजूला ठेवला.

"हे तुझे आजोबा?"

"नाही."

"मग कोण?"

माझ्याकडे तेवढे शब्द नव्हते. जे होते ते वापरले. "आमच्या लोकांना तळ्यातलं पाणी पिऊ देत नव्हते. हे म्हणाले, प्या."

"पाणी?"

"हो. पाणी."

"का पिऊ देत नव्हते?"

"आम्ही खालचे, म्हणून."

ती फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी यांच्याकडे काही मागत नाही. घरातला मोठा माणूस वर एकटा का ठेवायचा?"

मी फोटो तिथेच राहू दिला. पप्पांना सांगितलं नाही. ते बरोबर होतं की चूक, याचा मी नंतर अनेकदा विचार केला आहे आणि माझं मत दर वेळी एकच असतं असं नाही. त्या दिवशी तरी तो उचलून वर नेणं मला जमलं नाही.

जुलैत मी परत गेले. दोन वर्षांनी संशोधनासाठी पुन्हा लायडनला आले, पुढे नोकरी लागली आणि आता आल्मेरेला राहते. काका गेले. मी अंत्यसंस्काराला गेले होते, मुलीच्या शेजारी उभी होते. आयी मुलीकडे राहायला गेली. झूटरमेरचं घर विकलं. आम्ही महिन्यातून एकदा फोनवर बोलतो, डचमध्ये, कारण आम्हा दोघींची तेवढीच भाषा आहे.

मागच्या वर्षी मी डचची परीक्षा दिली. तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंनी थांबवून विचारलं, "तुम्ही भारतातल्या ना? मग तुमचे उच्चार असे कसे? तुम्ही चिनी लोकांसारखं बोलता." मी त्यांना सांगितलं की माझी शिकवणारी चिनी होती. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.