लालीची गिऱ्हाइकं

गिटारवाल्यांकडे धूळ आणि किस्से कितीही झाडा, संपत नाहीत. बुलडाण्याच्या एसटी स्टँडमागं सत्तारभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, आम्ही तरणे होतो आणि रोज संध्याकाळी तिथं आमचा अड्डा जमायचा. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी आणायच्या, उघडायच्या, बिघडवायच्या आणि एकमेकांच्या गळ्यात मारायच्या, हाच उद्योग! सत्तारभाई उघडणारे. देऊळघाटचा भाजीवाला पांडू बिघडवणारा. मी बोंगो वाजवायचो, म्हणजे माझं मत कुणी विचारत नसे.

चौथा दिगंबर, पंचायत समितीतला कारकून. त्याच्याकडे लाली होती. लाल, विलायती गिटार, अंगावर एक ओरखडा नाही. पांडूचा तिच्यावर डोळा, सत्तारभाईंचाही डोळा, आणि दिगंबर तिला हातही लावू देत नसे.

*

लाली आली भुसावळहून. तिथल्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं तेव्हा एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि जाताना घरातलं सामान काढून टाकत होती. दिगंबर एका साहेबाच्या दारात जाऊन उभा राहिला.

साहेबानं विचारलं, "तुम बजाता है?"

"नाही."

"तो क्यों मांगता?"

"पाहिली अन् आवडली, साहेब!"

साहेब पोट धरून हसला. मडम मात्र आत जाऊन रडली म्हणे.

परतीच्या एसटीत दिगंबरनं ती काळी लांबट पेटी मांडीवर आडवी धरली होती. त्याला गाडी लागायची, त्यामुळं चेहरा पार उतरलेला. मलकापूरला एक म्हातारी चढली. तिनं पेटी पाहिली, दिगंबरचं तोंड पाहिलं, "लेकरू गेलं का रे बाप्पा!" म्हणाली आणि हात जोडले. मग शेजारच्यानं टोपी काढली. बुलडाण्यापर्यंत अख्खी गाडी गप्प! कंडक्टरनं लगेजचं तिकीटसुद्धा मागितलं नाही.

*

पांडूला गिटारीतलं काही कळत नसे, पण बैलबाजारातलं सगळं कळायचं. धाड गावच्या बाजारात जालन्याकडचा एक बँडवाला गिटार घेऊन आला. पांडूनं तिला चहूबाजूंनी पाहिलं, पाठीवर थाप मारली आणि बैलाचे दात मोजावेत तशा डोक्याकडच्या चाव्या मोजल्या.

"सहादाती हाय," तो आम्हाला म्हणाला. "तरणी हाय, घेऊन टाकू."

वर बँडवाल्याला बजावलं, "आमोशापर्यंत पाहतो. मारकी निघाली त वापस आणीन!"

घरी नेऊन त्यानं तिची वायर सत्तारभाईंच्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि तारांना हात लावला. पुढच्याच बाजाराला पांडू गिटार खांद्यावर टाकून बँडवाल्यासमोर हजर.

"घे बे तुही. मारते!"

*

खरं तर दोष सत्तारभाईंचा. जुन्या रेडिओच्या खोक्यात ते आमच्यासाठी ॲम्प्लिफायर बनवायचे. त्याला जोडलेल्या कुठल्याही गिटारीला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या! तक्रार केली की म्हणायचे, "शॉक लगता? मतलब करंट बराबर आ रहा!"

म्हणून दिगंबर, तोवर वाजवायला शिकलेला, रबरी चपला घालूनच वाजवायचा. एका लग्नात नवरदेवाचे मामा खुशीत आले आणि हार घेऊन पुढं झाले. मामा अनवाणी, मांडवात नुकतंच पाणी शिंपडलेलं. कौतुकानं त्यांनी तारांवर हात ठेवला आणि जागच्या जागी असे काही नाचले की पूछो मत! सत्तारभाईंनी धावत जाऊन प्लग उपटला. मामा मटकन खाली बसले.

मागून वऱ्हाडी ओरडले, "वन्स मोर!"

*

पोळ्याच्या सुमाराला अकोल्याचा एक शौकीन सत्तारभाईंची एक गिटार पाहायला येणार होता. त्याला जितकी जुनी तितकी प्यारी. सत्तारभाईंनी ती पांडूकडे दिली. "जरा पुसून ठेव," एवढंच सांगितलं.

पांडूनं पॉलिश पेपर घेऊन जुना रंग पार खरवडला. बैलांच्या शिंगांचा उरलेला रंग तिला चढवला. तेवढ्यानं भागेना म्हणून वर सोनेरी बेगड चिकटवली.

शौकीन आला. त्यानं बेगडीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "हिच्यावर कंपनीचं नाव होतं ना?"

"होतं ना! लय खराब दिसे."

तो बाकावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. पांडू आजही सांगतो, "त्याले आनंद सहन झाला नाही!"

*

दिगंबरचं लग्न काही जमत नव्हतं. वय वाढत चाललेलं, डोक्यावरचे केस निघालेले. शेवटी सोनाळ्याचं एक स्थळ आलं. मुलगी कुसुम, शिकलेली. बापाची अट एकच: ते लाल वाद्य घरात नको. साखरपुड्याचं बोलायच्या आधी ते आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्याला देऊन टाकायचं.

दिगंबरला ही मुलगी मनापासून हवी होती. लाली गेली तर तो अर्धा होईल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी पांडू आणि सत्तारभाईंनी आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं. "लगन बडी चीज है, दिगू!" दोघांत आधीच ठरलं होतं, सहा महिने तुझी, सहा महिने माझी. सत्तारभाईंनी तर लालीला नवी खोळसुद्धा शिवून आणली होती!

आम्ही चौघं लालीची पेटी घेऊन सोनाळ्याला गेलो. बैठकीत पोहे झाले. बापानं विचारलं, "मंग? सोडता का ते?"

दिगंबरनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "सोडतो."

पांडूचा हात पेटीच्या कडीवर पडलासुद्धा. दिगंबर खाली मान घालून बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली. बाप म्हणाला, "तुले काही विचाराचं असंल त विचार."

तिनं पेटीकडे पाहिलं. "आधी कोणी मांगतली नव्हती का हे?"

पांडूला कुठं थांबायचं ते कधीच कळलं नाही. "मांगतली ना! मी त गोऱ्हा देऊन राह्यलो होतो. सत्तारभाई सायकल देत होते. पण यानं कोणालेच देली नाही. लय जीव याचा तिच्यावर!"

कुसुमनं कपबशी दिगंबरसमोर ठेवली.

"इतका जीव होता, अन् बाबा बोलले त चहा येईपर्यंत देऊन टाकली. उद्या कोणी बायको सोड म्हणलं, त मले सोडाले किती वेळ लागंल?"

दिगंबर उठला.

"पांडू, सोड."

"काऊन बे?"

"सोड म्हणतो ना!" त्यानं पेटी ओढून घेतली आणि कुसुमच्या बापासमोर उभा राहिला. "लाली देत नाही, मामा. पोरगी देता का, सांगा."

बापाचं तोंड उघडायच्या आत कुसुम आत वळली.

"आई, कणीक मळ व. पाहुणे जेवून जातीन."

पांडूनं माझा दंड धरला. "गेली बे आपली लाली!"

कुसुमच्या आत्यानं त्याचे भरलेले डोळे तेवढे पाहिले. पदरानं स्वतःचे डोळे टिपत ती बायकांना म्हणाली, "पाहा व, दोस्त असावा त असा!"