इंजिनाची खांदशेकणी

बाबा आरामखुर्ची आणायला गेले आणि आगगाडी घेऊन आले. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ही गोष्ट ऐकावी लागे. अजनीच्या रेल्वे वसाहतीतले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि घरातलं सामान विकत होते. आईला डॉक्टरांनी टेकून बसायला सांगितलं होतं, म्हणून बाबा खुर्ची बघायला गेले. ते शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशात कधी रस्ता चुकायचे नाहीत, बाजारात हमखास चुकायचे. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलेल्या खोक्यातून एक हिरवं विलायती इंजिन, दोन डबे, पत्र्याचे रूळ आणि विजेचा एक जडशीळ काळा डबा निघाला. आईनं खाटेवरूनच सगळं पाहून घेतलं.

"आता याच्यावर टेकू काय मी?" ती म्हणाली.

ही साठचं दशक सरतानाची गोष्ट. मी नुकतीच बी.ए. होऊन घरी बसले होते, म्हणजे चार माणसांच्या भाषेत आईची सेवा करत होते. माझा स्वभाव सेवेचा नव्हे. मला पटकन राग येतो, आणि तेव्हा तर दिवसभर येत असे. त्या खोक्याकडे पाहूनही आधी तोच आला.

आईला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि त्यात तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. ते कळलं फार उशिरा. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तिचे जिने बंद केले, मीठ कमी केलं आणि शेवटी प्रवास बंद केला. मिठाचं तिनं ऐकलं. प्रवासाचं तिला सोसलं नाही. तिचं माहेर उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अलीकडे, छोट्या लाइनीवरचं खेडं. ती लाइन आमच्या इतवारीतूनच सुटायची. दुपारी गाडीची शिटी आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येई, आणि ती वाजली की आई भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला एकदा माहेरी जायचं होतं. दुसरं काहीच ती मागत नव्हती, आणि तेवढंच आम्हाला देता येत नव्हतं.

बाबांनी ती गाडी आणली ती बहुधा त्या शिटीपायीच. त्यांनी आईच्या खाटेभोवती ट्रंका, पाट, रद्दीचे गठ्ठे असं जे मिळेल ते मांडलं, वर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर रूळ जोडले. खाटेच्या उशाकडे इतवारी स्टेशन. मग कुही, मग पायथ्याशी उमरेड. तिथून वळून गाडी खिडकीकडे यायची, तिथं आईचं गाव, आणि पुढे भिवापूर. साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची स्टेशनं, बाभळीच्या वाळल्या काटक्यांची झाडं. आईच्या गावाखालची ट्रंक जरा उंच निघाल्यामुळे तिथं चढण आली. आई म्हणाली, बरोबरच आहे, आमच्या गावाआधी चढ आहेच. खरा चढ तिथं होता की नाही, देव जाणे.

एकदा तिला गावाकडचं विचारलं म्हटल्यावर ती थांबेचना. नाला इकडे घ्या, विहीर अलीकडे घ्या. भिवापूरच्या शेवटी लाल मिरच्या वाळत घातलेल्या पाहिजेत, नाहीतर ते भिवापूर कसलं, म्हणून तिनं खऱ्या मिरच्यांचे तुकडे पसरायला लावले. गाडी तिथून गेली की आम्ही तिघंही शिंकायचो.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात, आणि खरं सांगायचं तर घडत होत्या तेव्हाही त्या स्वप्नासारख्याच वाटायच्या. बाहेर रस्त्यावर हातगाडीसुद्धा फिरकत नसे. खिडकीला खसची ताटी, तिच्यावर मी पाणी मारायचे. खोलीत हिरवट अंधार आणि ओल्या खसचा वास. छोट्या लाइनीची शिटी वाजली की बाबा काळ्या डब्याची मूठ हळूच फिरवत. इंजिन बारीक घुमायला लागे, चाकांपाशी निळी ठिणगी उडे, आणि गाडी इतवारी सोडे. आई कुशीवर वळून गाल उशीला टेकवायची. मग तिचे डोळे अगदी रुळाच्या पातळीला येत आणि गाडी मोठी होत होत खरी होई. मीही एकदा तिच्या उशीवर डोकं ठेवून पाहिलं. सगळं खरंच दिसलं, झाडांच्या सावल्यांसकट.

ती अर्धवट डोळे मिटून पुटपुटत राही. नाला आला. मामाचं पऱ्हाटीचं शेत आलं. आता विहिरीवर कोणी असलं तर हात करील. तिच्या गावी बाबा गाडी थांबवत, आणि तिथला थांबा तिच्या मर्जीवर असे. कधीकधी त्या थांब्यावरच तिला झोप लागे. बाबा मग काळ्या डब्याजवळ बसून राहत, पण गाडी हलवत नसत. ती गावात गेलीय, असं ते मला खुणेनं सांगत.

गाडीची देखभाल माझ्याकडे कशी आली, ते कळलंच नाही. घासलेटाच्या बोळ्यानं रूळ पुसायचे, नाहीतर गाडी आचके देत चाले. शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकावर घेऊन चाकांच्या आसांना द्यायचा. सगळ्यात वैताग आईच्या केसांचा. तिचे लांब केस उशीवरून उडून रुळांवर पडत आणि आसाला गुंडाळून बसत. ते चिमट्यानं ओढता ओढता मी तिला म्हणायचे, तुझा अंबाडा कापून टाकते एकदाचा. ती म्हणायची, काप, मग पाहुण्यांसमोर तूच बस माझ्याऐवजी.

आणि मग पोळा आला.

आई शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकत. वर्षभर जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना कोमट तूप-हळद चोळायची आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी बैलाला कामाला जुंपायचं नाही. आमच्या घरात बैल नव्हता. पण तिला माहेरी नेणारं कोणीतरी आता घरात होतं. तिनं माझ्याकडून वाटीत तूप-हळद कोमट करून घेतली, इंजिन मांडीवर घेतलं आणि चाकांच्या वर, दोन्ही बाजूंना, बोटांनी हळूहळू चोळलं. मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी तिच्या हाताशी सरकवली.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," आई इंजिनाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंजिन गळ्यात झेंडू घालून देवासमोर बसलं होतं. गाडी निघाली नाही. पुरणपोळीचा तुकडा पुढे ठेवला होता, त्याला संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. त्याच्या पुढच्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली, तेव्हा आईनं त्यांच्या बैलांबरोबर इंजिनालाही ओवाळलं. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

इंजिनाची चाकं पुसली, तसं ते धावलंही. उलट काही दिवस जास्तच गुळगुळीत चाललं, आणि आईनं ते आम्हाला ऐकवलं. मग थंडी पडली. नागपूरची थंडी कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही, पण डब्यातलं खोबरेल तेव्हा चमच्यानं खणून काढावं लागे. एका दुपारी गाडी उमरेडहून निघाली, खिडकीकडे वळली आणि चढणीवर, आईच्या गावाच्या जरा अलीकडे थांबली. बाबांनी मूठ फिरवली. इंजिन नुसतं घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आई रुळांकडे वळली नाही. शिटी वाजली, तशी ती भिंतीकडे वळली.

"गावच नाही म्हणून राहिलं, तर गाडी काय करन," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं औषधाची गोळी दोनदा उशीखाली सरकवलेली मला सापडली. मी तिच्यावर ओरडले, आणि मग मोरीत जाऊन रडले. ती गाडी पोचली नाही तर आई सगळंच सोडून देणार, हे मला लख्ख दिसलं. बाबांनाही दिसलं असावं, कारण ते पुन्हा पुन्हा मूठ फिरवत होते. फिरवता फिरवता इंजिन तापलं आणि खोलीत वास सुटला. जळक्या तारेचा नव्हे. लोणी कढवल्यासारखा, खमंग.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा उठले आणि भरदुपारी त्यांनी देवासमोर मूठभर उदबत्त्या लावल्या.

मागच्या अंगणात मी इंजिनाचे स्क्रू काढून वरचं कवच उचललं. आत दात्यांच्या चाकांत पिवळं, घट्ट तूप बसलं होतं. त्यात हळद, धूळ आणि आईचे दोन-तीन केस. तिनं चोळलेलं कोमट तूप आत ओघळलं होतं आणि थंडीनं थिजलं होतं. माझा पारा चढला. आत्ता जाऊन तिला सांगते, म्हणून मी उठलेसुद्धा. बाबांनी माझा हात धरला. एरवी ते माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलत, पण मन हललं की त्यांची भाषा घरची होई.

"सांगू नको तिले," ते म्हणाले. "आपल्याच हातानं गाडी थांबली असं तिले समजलं, तर थे पुन्हा गाडीत बसणार नाही."

आम्ही बशीत घासलेट ओतलं आणि एकेक दाता दाढीच्या ब्रशानं धुतला. तो ब्रश बाबांनी नंतर पुन्हा दाढीला वापरला की काय, हे मी कधी विचारलं नाही. शिवणयंत्राचं तेल दिलं, कवच बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिटी वाजली. गाडी इतवारीहून निघाली आणि उमरेडला वळली. चढण आली. गाडी चढली आणि आईच्या गावी थांबली. आई अजून भिंतीकडेच वळलेली होती. चाकांचा आवाज थांबल्यावर ती सावकाश या कुशीवर आली, गाल उशीला टेकवला आणि म्हणाली की विहिरीवर आज कोणी नाही, सगळे शेतात गेले असतील. रात्री तिनं गोळी मागून घेतली.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं पुन्हा वाटी मागितली. बाबांनी स्वतः इंजिन तिच्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर आमचा रिवाजच पडला. आईनं खांदे शेकायचे, आणि तान्हा पोळा झाला की ती झोपलेली असताना आम्ही दोघांनी अंगणात जाऊन ते सगळं घासलेटानं धुवायचं. अशी बरीच वर्षं गेली. मी नोकरीला लागले, गल्लीत घराघरात टेलिव्हिजन आले, आईची खाट खिडकीच्या आणखी जवळ सरकली. पोळा झाला की बाबांच्या हाताला घासलेटाचा वास यायचा. मी त्यांना साबण लावून परत परत हात धुवायला लावायचे.

तिच्या शेवटच्या पोळ्याला तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. बाबा झेंडू आणायला गेले होते. मी तिचा हात धरून तुपात बुडवला, तर ती म्हणाली, थोडंच लाव.

"तुले मग धुवा लागते," ती म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली. कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. पहिल्याच वर्षापासून, ती म्हणाली.

"सारा जन्म चुलीपुढं गेला माहा. तूप तापलं तर मले समजत नाही काय वं?"

"मग दरसाल लावते काहून?" मीही तिच्याच भाषेत विचारलं.

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "नाही लावलं, तर त्यायले समजन मले समजलं म्हणून. तू सांगू नको."

मी तिचं बोट इंजिनाच्या खांद्यावरून फिरवलं. थोडंच लावलं.

पुढचा पोळा आला तेव्हा खाट उचललेली होती. फळ्या मात्र तशाच होत्या, मधल्या रिकाम्या जागेभोवती. संध्याकाळी बाबांनी स्वतःच तूप कोमट केलं, जरा जास्तच तापवलं, आणि वाटी घेऊन जमिनीवर बसले. इंजिन मांडीवर घेतलं. मग त्यांचा हात थांबला.

"तिले कधी समजलं तर नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही बाबा," मी म्हटलं.

"मग थे दर खेपेले पोचली," ते म्हणाले, आणि त्यांनी बोट तुपात बुडवलं.